उष्माघात आणि सरकारी नोंदवही

एप्रिल उजाडला की चंद्रपूरचे नाव वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर येते. २०१९ च्या मे अखेरीस तेथील पारा ४८ अंशांच्या घरात पोचला होता. पारा मोजण्याची जेवढी हौस आहे, तेवढी त्या उन्हात मेलेली माणसे मोजण्याची मात्र नाही.

उष्माघाताचा बळी म्हणून शासकीय हिशेबात तोच धरला जातो, ज्याच्यावर डॉक्टरांचे शिक्कामोर्तब झालेले असते. परंतु ऊन असे उघडपणे क्वचितच मारते. घामावाटे पाणी व क्षार गेले की रक्त दाट होते, त्वचेकडे रक्त लोटण्यासाठी हृदयाला जादा राबावे लागते, मूत्रपिंडे थकतात. आधीच अशक्त असलेला म्हातारा रात्री खाटेवरच संपतो आणि नोंद होते ‘हृदयविकार’, नाहीतर नुसतेच ‘वार्धक्य’. अहमदाबादेत मे २०१० मध्ये एरवीपेक्षा १३४४ मृत्यू अधिक झाल्याचे अभ्यासकांनी दाखविले, ते एकूण मृत्यूंची इतर वर्षांशी तुलना करूनच. त्या शहराचा उष्णता कृती आराखडा २०१३ मध्ये आला तो त्या उन्हाळ्यानंतर. खारघरला १६ एप्रिल २०२३ रोजी १४ जणांचे बळी गेले. सरकारी समारंभात, सर्वांच्या डोळ्यांदेखत गेले म्हणून त्यांची गणना झाली. एटापल्लीच्या रानात समारंभ नसतात.

ऊन गरीब-श्रीमंत पाहत नाही, असे म्हणण्याची पद्धत आहे. वस्तुतः ते मजुरीची पद्धत अगदी बारकाईने पाहते. गडचिरोलीतील तेंदूपत्त्याचा हंगाम नेमका ऐन उन्हाळ्यात, तोही जेमतेम काही आठवड्यांचा. पान निबर होण्याआधी व पाऊस येण्याआधी तोडावे लागते. मजुरी मिळते ती शंभर पुडक्यांमागे. पहाटेच रानात शिरलेले कुटुंब परतते तेव्हा सूर्य डोक्यावर असतो. मग पुडकी बांधणे, मग संकलन केंद्राची वाट. ‘दुपारी १२ ते ३ घराबाहेर पडू नका’ हा सल्ला या कुटुंबाला देणे म्हणजे वर्षाच्या रोख मिळकतीवर पाणी सोडा असे सांगणे होय. तिकडे चंद्रपूरचे २९२० मेगावॅटचे औष्णिक केंद्र राज्यभरची वातानुकूलित दालने थंड ठेवण्यास हातभार लावते, आणि त्याच्यासाठी कोळसा काढणारा कंत्राटी मजूर उघड्या खाणीत भाजून निघतो.

१९९६ चा पेसा कायदा व २००६ चा वनहक्क कायदा यांमुळे अनेक ग्रामसभा तेंदूपत्त्याची विक्री आता स्वतः करतात. कंत्राटदाराशी करार करताना दराची घासाघीस होते. केंद्रावर सावली, पाणी व मृत मजुराच्या वारसास भरपाई ही कलमेही त्याच करारात घालता येतील. मजुरीच्या दरातच उन्हाची जोखीम धरली गेली पाहिजे, ही अर्थशास्त्राला मुळीच परकी नसलेली मागणी आहे.

तामिळनाडूने २०२४ मध्ये उष्णतेची लाट राज्य आपत्ती म्हणून जाहीर केली. पण भरपाईसाठी आधी मृत्यू सिद्ध व्हावा लागतो. याच गडचिरोलीतून चालना मिळालेल्या ‘कोवळी पानगळ’ या २००१ च्या अहवालाने सरकारी आकड्यांत न दिसणारे बालमृत्यू गावोगाव मोजून दाखविले होते. तोच मार्ग येथेही खुला आहे. ग्रामपंचायतीच्या मृत्युनोंदवहीतून एप्रिल ते जूनचे मृत्यू काढून ते मागील पाच वर्षांशी ताडून पाहणे कार्यकर्त्यांच्या आवाक्यातले आहे. एका गावाच्या लहान आकड्यांतून काही सिद्ध होणार नाही. तालुक्याची बेरीज मांडावी लागेल, आणि ती मांडण्याचे काम पुढच्या हंगामाचे करार होण्यापूर्वी पुरे झाले पाहिजे.