हसरा चेहरा की भक्कम पाय?

डिसेंबर २०१७ मध्ये मुंबई आयआयटीच्या ‘टेकफेस्ट’मध्ये ‘सोफिया’ ही रोबो साडी नेसून आली. तिच्या बोलण्याचे खूप कौतुक झाले. पण माणसासारखे चालणेही तितकेच अवघड आहे. आपला तोल अंतर्कर्ण, डोळे, स्नायू आणि सांधे मिळून सावरतात. चालणाऱ्या रोबोत हे काम दाब व कल मोजणारे सेन्सर आणि सांध्यांतील मोटारी करतात. असेच सेन्सर संगणकनियंत्रित कृत्रिम गुडघ्यातही असतात. मात्र त्याची किंमत लाखांत जाते. बोरगाव मेघेतील एखाद्या मजुराचा अपघातात पाय गेला, तर त्याला तो कसा परवडणार? रोबोचे हसणे जरूर पाहावे. पण संशोधनाचा पैसा आधी हा गुडघा स्वस्त करण्यासाठी खर्च व्हावा. कपाशीच्या ओल्या रानातून त्याला न पडता चालता आले पाहिजे.