कारागिराच्या शेजारी बसून पाहा


‘कला दालनात पाहावी, कलावंताच्या घरी गर्दी कशाला?’ हे मागील अंकातील पत्रलेखकाचे मत पटले नाही.

त्यांनी सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले पत्ते, तयार करणाऱ्यांशेजारी थोडा वेळ बसावे. दशावतारी गंजिफांचा संच १२० गोल पानांचा असतो. दहा अवतार, प्रत्येकाची १२ पाने. काचेआड ती नुसती सुबक दिसतात. जवळ बसल्यावर कळते की एवढ्याशा वर्तुळात अवताराची आकृती आणि कडेची नक्षी बसवताना हात जराही हलून चालत नाही. ‘पत्त्यांना एवढे पैसे?’ म्हणणारे गिऱ्हाईक हे पाहिल्यावर घासाघीस करत नाही, हा माझा अनुभव आहे.

आणि ही कला टिकली तीसुद्धा अशीच. ती लोप पावत असताना सावंतवाडीच्या राजघराण्यातील शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी एका वृद्ध चिताऱ्याकडून ती समजून घेतली, स्वतः आत्मसात केली आणि इतरांना शिकवली.

कामात व्यत्यय येतो, हा मुद्दा मात्र खरा आहे. ओल्या रंगाला बोट लावणे, न विचारता मोबाइल समोर धरणे हे वाईटच. म्हणून तर कारागिरांचे काम जवळून पाहण्यासाठी ठरलेला शनिवार-रविवार हवा; एरवी दार बंद. सावंतवाडीच्या चितार आळीतील लाकडी खेळणी करणारे आणि चित्रे दाखवत कथा सांगणारे पिंगुळीचे चित्रकथी कलावंत यांनाही या उपक्रमात घ्यावे. गणपतीला चाकरमानी गावी येतात, त्याच्या आसपासचे दिवस सोयीचे पडतील. तारखा मात्र कारागिरांना विचारूनच ठरवाव्यात.

— एक वाचक, कुडाळ