पितळी वाद्यांना गायक हवा

परसवाडा, जि. बालाघाट

रॉड स्टुअर्टने फेब्रुवारी २०२४ मध्ये, वयाच्या ७९ व्या वर्षी, पियानोवादक जूल्स हॉलंडच्या वाद्यवृंदाबरोबर ‘स्विंग फीव्हर’ हा अल्बम काढला. रॉक आणि पॉपमध्ये हयात घालवलेला हा गायक त्यात बिग बँडच्या, म्हणजे पितळी वाद्यांच्या मोठ्या वाद्यवृंदांच्या, जमान्यातली स्विंगची गाणी गातो. अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. तो ऐकल्यापासून एकच गोष्ट मनात घोळते आहे: आपल्याकडे हे कुणी का करत नाही?

स्विंग आपल्याला परका नाही. पुणतांब्याचे संगीतकार सी. रामचंद्र यांनी १९५१ च्या ‘अलबेला’ या हिंदी चित्रपटात तो घराघरांत पोचवला. त्यांच्या साथीला गोव्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, म्हणजे आंतोनिओ झेवियर वाझ, होता. त्या चित्रपटात तो आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतो. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत नोटेशन शिकलेले असे वादक मुंबईच्या स्टुडिओत होते, म्हणून ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनच्या रांगा तिथे एका श्वासात वाजल्या. श्रेयनामावलीत मात्र त्यांतल्या बहुतेकांची नावं कधी आलीच नाहीत. हा अन्यायच होता.

स्विंगमध्ये मात्रेचे दोन तुकडे सारखे पडत नाहीत. पहिला लांबतो, दुसरा आखूड होतो आणि ठेका झोपाळ्यासारखा झुलतो. गायक शब्द किंचित मागे ठेवतो आणि समेवर बरोबर येऊन मिळतो. ही उसंत वयाबरोबर येते, म्हणून मुरलेल्या गळ्याला ही गाणी शोभतात. तान आखूड झाली तरी बिघडत नाही, लय पक्की हवी.

आशा भोसले यांनी २००५ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, क्रोनोस क्वार्टेटबरोबर राहुलदेव बर्मन यांची गाणी नव्याने गायली. त्या अल्बमला ग्रॅमीचं नामांकन मिळालं. तिथे साथ तंतुवाद्यांची होती. पितळी वाद्यांचा तसाच प्रयोग सी. रामचंद्रांच्या गाण्यांवर व्हायला हवा, आणि तोही माणसांनी वाजवलेल्या वाद्यांवर. की-बोर्डमधल्या ट्रम्पेटला फुंकणाऱ्याचा श्वास नसतो, आणि स्विंग त्या श्वासावरच चालतो.

आमच्याकडे लग्नसराईत वरातीपुढे अजून ट्रम्पेट वाजतो. वाजवणारे कानावर शिकलेले असतात आणि डीजेच्या भिंतीपुढे मागे पडत चालले आहेत. ज्येष्ठ गायकांनी आणि ध्वनिमुद्रण कंपन्यांनी अशा वादकांना स्टुडिओत बोलवावं. तोवर वाचकांनी एक करावं: ‘अलबेला’ची गाणी मूळ ध्वनिमुद्रणात पुन्हा ऐकावीत, आणि या वेळी कान मागच्या ट्रम्पेटकडे ठेवावा.