किल्ली पेटीतच राहिली

गेल्या महिन्यात आमच्या संगणक कक्षातील एक संगणक सुरू होईना. काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळी, त्यांत 'कर्नेल पॅनिक' हे शब्द, आणि पुढे सारे ठप्प. चौकशी केली तेव्हा कळले की अकरावीच्या दोन विद्यार्थ्यांनी लिनक्सचे कर्नेल, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, स्वतः कंपाइल करून बसविले होते. काही पालकांनी व विश्वस्तांनी सुचविले की असले उद्योग बंदच करावेत. संगणक देणग्यांतून आले आहेत, तेव्हा त्यांची काळजी रास्त आहे. तरीही आमचे मत वेगळे आहे.

बिघाड कसा झाला ते आधी पाहू. संगणक सुरू होताना 'ग्रब' नावाचा छोटा प्रोग्राम कर्नेलला मेमरीत आणतो. मग कर्नेलने हार्ड डिस्क उघडून पुढचे काम सुरू करायचे. डिस्क ओळखण्यासाठी ड्रायव्हर लागतो. मुलांनी तो कर्नेलच्या पोटात न ठेवता वेगळे मॉड्यूल म्हणून ठेवला, आणि ते मॉड्यूल होते त्याच डिस्कवर! पेटीची किल्ली पेटीतच ठेवून कुलूप लावावे, तसे झाले. अशा वेळी 'इनिटरॅमएफएस' नावाची छोटी तात्पुरती फाइल प्रणाली किल्ली बाहेर सांभाळते. ती तयार करायची मुले विसरली होती.

आमच्या संगणक शिक्षकांनी माउसला हात लावला नाही. मुलांना समोर बसवून इतकेच विचारले, "शेवटच्या ओळी काय सांगतात?" सुदैवाने जुने कर्नेल पुसलेले नव्हते. ग्रबच्या यादीतून ते निवडताच संगणक सुरू झाला. मग मुलांनी 'क्वाएट' हा शब्द काढून सगळे संदेश पडद्यावर आणले, वहीत उतरविले, जुन्या व नव्या कर्नेलच्या कॉन्फिग फाइली ताडून पाहिल्या. एका वेळी एकच बदल केला. तिसऱ्या प्रयत्नात नवे कर्नेल चालू झाले. नवा खर्च एक पैसाही झाला नाही.

लिनक्स 1991 साली हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या 21 वर्षांच्या विद्यार्थ्याने सुरू केले. आज प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये त्याचेच कर्नेल आहे. आपल्या देशात सी-डॅकने त्यावर 'बॉस' ही प्रणाली बांधली, तीत मराठीही आहे. केरळच्या सरकारी शाळांनी तर हाच मार्ग कधीचा धरला आहे.

दूर कशाला, आपली वेधशाळाच पाहा. सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात बांधलेली यंत्रे पुढे मोडकळीस आली. 1923 साली माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने गोविंद सदाशिव आपटे यांच्या देखरेखीत त्यांचा जीर्णोद्धार झाला. जुनी यंत्रे निव्वळ कुंपण घालून जपता येत नाहीत. ती समजणारी माणसे लागतात, आणि अशी माणसे तयार करणे हे शाळेचे काम आहे.

मुलांनी न विचारता हे केले ही चूकच, आणि ती त्यांना स्पष्ट सांगितली आहे. पण शिक्षा म्हणून कक्षाला कुलूप लावले तर पुढच्या वेळी मुले प्रयोग थांबविणार नाहीत, बिघाड लपवितील. म्हणून विश्वस्त मंडळापुढे आम्ही असे मांडतो: एक जुना संगणक प्रयोगासाठी वेगळा ठेवावा. त्यावर महत्त्वाचे काही साठवू नये. नवे चालल्याची खात्री होईपर्यंत जुने कर्नेल कोणीही पुसू नये. आणि प्रत्येक बिघाड वहीत नोंदवावा.

पालकहो, आपला मुलगा किंवा मुलगी "माझ्याकडून बिघडले" असे घरी येऊन सांगेल, तेव्हा रागावण्याआधी एवढेच विचारा: "शेवटची ओळ काय होती?"

— प्राचार्य