सात आठवड्यांचा ‘लाईट’ आणि कोयत्याची उचल

शेतकरी बांधवांनो, या पानावर आम्ही नेहमी खत, बियाणे आणि फवारणीवर लिहितो. आजचा विषय वेगळा असला तरी तुमच्या-आमच्या घरातलाच आहे. तोंडाचा आणि घशाचा कॅन्सर हा आता केवळ साठीतल्या माणसांचा रोग राहिलेला नाही. मिसरूड फुटायच्या आधीपासून गुटखा, मावा गालात धरणारे तिशी-पस्तिशीतले गडीही त्यात सापडत आहेत. राज्यात 2012 पासून गुटखाबंदी आहे. ती टपरीवर किती दिसते, हे तुम्हाला सांगायला नको.

या रोगावर रेडिओथेरपी देतात. आपल्याकडे तिला ‘लाईट’ किंवा ‘शेक’ म्हणतात. लाईट लावला की माणूस हातचा गेला, असे पारावर सर्रास बोलले जाते. ते खरे नाही. रोगाचा टप्पा तोच आणि उपचार तेच असतील, तर तरुणांचा निकाल वयस्कांपेक्षा वाईट लागत नाही, असे बहुतेक अभ्यासांत दिसले आहे. लाईटसोबत दिलेल्या केमोचा फायदाही तरुण वयात जास्त मिळतो, सत्तरीनंतर तो जवळपास उरत नाही. मात्र लाईट पूर्ण व्हायला हवा आणि मध्ये खंड पडता कामा नये.

लाईट साधारण 33 ते 35 वेळा, आठवड्यातून पाच दिवस, म्हणजे सुमारे सात आठवडे चालतो. ऑपरेशननंतर द्यायचा झाला तर बहुधा 30 वेळा, आणि तो ऑपरेशनपासून सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावा लागतो. मशीनखाली काही मिनिटेच लागतात, तिथे दुखत नाही. खरा त्रास दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून. तोंड सोलते, घास गिळवत नाही, चव जाते. नेमका तेव्हाच माणूस गावी येतो आणि म्हणतो, ‘आठ दिवस दम खातो, मग जातो.’ इथेच घात होतो.

हराळी तुम्ही जाणता. खुरपून टाकली आणि पंधरा दिवस शेताकडे फिरकलाच नाहीत, तर उरलेल्या काशांतून ती आधीपेक्षा जोमाने येते. लाईटमधून वाचलेल्या कॅन्सरच्या पेशीही तीन-चार आठवड्यांनंतर अशाच वेगाने वाढू लागतात. उपचार एक दिवस लांबला की रोग आटोक्यात राहण्याची शक्यता साधारण एका टक्क्याने घटते. आठवडा बुडाला तर दहा टक्क्यांच्या आसपास. याची उलट बाजूही तपासली गेली आहे. 1999 ते 2004 या काळात निरनिराळ्या खंडांतल्या नऊ केंद्रांत सुमारे 900 रोगी घेतले. अर्ध्यांना आठवड्याला पाच वेळा लाईट दिला, अर्ध्यांना तेवढाच पण आठवड्याला सहा वेळा. पाच वर्षांनी रोग आटोक्यात असलेले पहिल्या गटात 30 टक्के होते, दुसऱ्यात 42. फरक फक्त एका आठवड्याचा!

आता आपल्या जिल्ह्याचे पाहा. दसरा-दिवाळी झाली की कोयता निघतो. उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता; नवरा मागे राहिला तर अर्ध्या कोयत्यात उचल फिटत नाही. म्हणून गालातली न भरणारी जखम तशीच घेऊन माणूस फडात जातो, नाहीतर चालू लाईट सोडून जातो. शरद पवार यांनी स्वतः सांगितले आहे की, केंद्रात कृषिमंत्री असताना त्यांनी 36 वेळा लाईट घेतला. दुपारी दोनपर्यंत कचेरीत काम, अडीच वाजता दवाखाना. त्यांना गाडी होती, दवाखाना त्याच शहरात होता. ऊसतोड्याला यातले काहीच नाही. त्याच्यासाठी हे सात आठवडे गावालाच धरून ठेवावे लागतील. सरपंच, पोलीस पाटील यांनी मुकादमाला बोलावून उचलीची फेड पुढच्या हंगामावर ढकलून घ्यावी. भावकीने जनावरांचे पाहावे. ग्रामसेवकांनी आणि आशाताईंनी कोयते निघण्याआधी उपकेंद्रात तोंडाची तपासणी लावावी. तीन आठवड्यांत न भरलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, उभी तीन बोटे आत न जाण्याइतके आखडलेले तोंड, बसलेला आवाज, मानेत गाठ, यातले काहीही दिसले तर अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयात नाक-कान-घसा विभाग आहे.

लाईट चालू असताना तंबाखू, बिडी बंद म्हणजे बंद. कॅनडातल्या 1993 च्या अभ्यासात त्या काळातही ओढत राहिलेल्यांपैकी 39 टक्केच दोन वर्षांनी हयात होते. न ओढणाऱ्यांपैकी 66 टक्के.

बरा झालेल्या तरुणापुढे अजून तीस-चाळीस वर्षे असतात, त्यामुळे लाईटच्या मागे राहणाऱ्या खुणाही त्यालाच जास्त काळ वागवाव्या लागतात. लाळ कमी होते, दात किडतात. म्हणून खराब दात लाईटच्या आधीच काढून घ्यावेत. पुढे दहा वर्षांनीही दात काढायची वेळ आली तर दंतवैद्याला ‘मला लाईट दिला होता’ हे आधी सांगावे, नाहीतर जबड्याचे हाड सडण्याची भीती असते. तोंड उघडण्याचा व्यायाम रोज करावा. थायरॉईडची रक्ततपासणी वर्षातून एकदा तरी व्हावी.

पालीहून धुळे-सोलापूर रस्त्याने येरमाळ्यापर्यंत आणि तिथून बार्शीला गेले की नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय लागते. देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी 1987 पासून तिथलीच. उलट दिशेला छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कॅन्सर रुग्णालय आहे. जाताना रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत लाईटचा खर्च बसतो. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, आधी त्याला गाठा. मुक्कामाची सोय मात्र पहिल्याच दिवशी विचारून घ्या, कारण रोज ये-जा करणारा रोगी तिसऱ्या आठवड्यात थकतो.