बंदुकीचा कागद

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मोतीबिंदूचं ऑपरेशन चांगलं झालं, फोन करणाऱ्या सगळ्यांचे आभार. पण न लिहिण्याचं कारण डोळे नव्हेत. कारण आहे टेबलावर दोन महिने पडून असलेला एक अर्ज. शस्त्र परवान्याच्या नूतनीकरणाचा.

नात्यातल्यांना माहीतच आहे, पण बाकीच्यांसाठी सांगतो. आमच्या घरात दोन बंदुका आहेत. एक आजोबांची ठासणीची. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंधी, मग छर्रे, गजानं ठासायचं, घोड्याखाली टोपी बसवायची आणि देवाचं नाव घ्यायचं. दुसरी दादांची, म्हणजे माझ्या वडिलांची, दुनळी बारा बोअरची. दादा गेल्यावर दोन्ही माझ्या परवान्यावर आल्या. मी मराठीचा मास्तर. आयुष्यात खडू सोडून काही फेकून मारलं नाही, तेही नेम धरून नाही. तरी इतकी वर्षं मी शस्त्रधारी आहे.

ठासणीची आमच्या घरात मोठी कथा आहे. आपला बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात. १९४७-४८ चं रझाकारांचं वर्ष. आजोबांनी दारात ठासणी घेऊन बसून वाडा राखला, असं आम्ही लहानपणापासून ऐकलं, पुढे आमच्या मुलांना सांगितलं. मी तर वर्गातही सांगितलंय, १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाच्या भाषणात. पुढे मोठी आत्या एकदा माहेरपणाला आली असताना हसत हसत म्हणाली, "कशाची राखण रे बाबा! बंदूक सापडली तर घर जाळतील म्हणून बापानं ती घोंगड्यात गुंडाळून उकिरड्यात पुरली व्हती. पोलीस कारवाई झाल्यावर काढली, तवा निम्मी गंजून गेली व्हती. आम्ही समदे नगरकडं पाहुण्याच्या गावाला पळालो व्हतो."

तर वाडा राखणारी बंदूक उकिरड्यात, आणि वाड्यात कुणीच नाही. मला त्या दिवशी वाईट वाटलं होतं. आता वाटत नाही. जीव वाचवायला पळून जाणारी माणसं मला आता जास्त शहाणी वाटतात.

दुनळीची कथा मात्र खरी आहे, कारण ती मी पाहिली. १९७२ साली मी बीडच्या बलभीम महाविद्यालयातून बी.ए. झालो आणि त्याच साली दुष्काळ पडला. लोक खडी फोडायला जात, सुकडी खात. दादांनी आधी म्हैस विकली, मग बैलजोडी. नेकनूरच्या एकानं बंदुकीलाही चांगले पैसे सांगितले होते. दादा म्हणाले, बैल परत घेता येतील, बंदूक गेली तर पाटीलकीचं नाव गेलं. आई चुलीपुढून एवढंच म्हणाली, "मग औताला तीच जुंपा." पुढं तीन वर्षं आम्ही दुसऱ्याच्या बैलांवर पेरणी केली. आई शेवटपर्यंत त्या बंदुकीला हात लावत नसे. खंडेनवमीला पांभर, विळे, कोयता, माझी पेनं, सगळ्यांना हळदकुंकू वाहायची. बंदुकांचं दादांनी स्वतः करायचं.

अर्जात एक रकाना असतो, शस्त्र कशासाठी हवं त्याचं कारण. दादा लिहायचे, 'शेतीचे व स्वतःचे संरक्षण'. मीही तेच लिहीत आलो, त्यांच्याच अक्षराच्या वळणात. संरक्षण कुणापासून? आमची जिराईत जमीन गडाच्या उतारावर. तिथं रानडुकरं येतात, हरणं येतात, पण वन्यजीव कायदा १९७२ चाच आहे, मनानं बार काढता येत नाही. २०२० च्या शेवटी आष्टी तालुक्यात बिबट्यानं माणसं मारली, तेव्हा आमच्याकडेही दोघं-तिघं आले, "गुर्जी, बंदूक काढा की." मी म्हटलं, अरे, मला म्हशीला चुकवून भिंतीला बार मारता येईल का, याचीच खात्री नाही. तो बिबट्या पुढे वनखात्याच्या आदेशानं, डिसेंबरात करमाळ्याकडं मारला गेला. आमची बंदूक कपाटात होती.

ती कपाटाबाहेर निघते ती निवडणुकीत. आचारसंहिता लागली की ठाण्यात जमा करा, पावती घ्या, निकालानंतर परत आणा. २०२४ साली दोनदा, लोकसभेला आणि विधानसभेला. गोधडीत गुंडाळलेली बंदूक मांडीवर घेऊन एसटीत बसलेला म्हातारा मास्तर हे दृश्य कंडक्टरला इतकं सवयीचं झालंय की तो विचारतो, "सर, अर्धं का दोन तिकिटं?"

पण हसण्यावारी नेण्याजोगं सगळं राहिलं नाही. ९ डिसेंबर २०२४ ला मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ज्या क्रूरपणे हत्या झाली, त्यानंतर सगळ्या महाराष्ट्राची नजर आपल्या जिल्ह्यावर आली. त्यात बाहेर आलं की या एका जिल्ह्यात १२०० हून जास्त शस्त्र परवाने आहेत. कमरेला पिस्तूल लावलेले, हवेत बार काढणारे फोटो आणि व्हिडिओ घरोघरच्या मोबाइलवर फिरले. प्रशासनानं फेरतपासणी केली, शंभरावर परवाने रद्द झाले. मी ते आकडे वाचताना आधी 'ते लोक' असाच विचार करत होतो. मग लक्षात आलं, त्या १२०० मध्ये एक मी आहे. माझाही रकाना 'संरक्षण' असाच भरलेला आहे. त्यांचा खोटा आणि माझा खरा, हे कशावरून?

गेल्या खंडेनवमीला नातवानं पूजा झाल्यावर दुनळी खांद्यावर टेकवून फोटो काढला आणि स्टेटसला टाकला. खाली काय लिहिलं ते मी इथं लिहीत नाही, शुद्धलेखनाच्याही चुका होत्या. रात्री नऊला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. पोलिसात आहे. "सर, नमस्कार करतो. तेवढा फोटो काढायला सांगा. मी पाहिला म्हणून बरं." मी आयुष्यात विद्यार्थ्यासमोर एवढा खाली बघितलो नव्हतो. तोही फोनवर!

आणि कायदा बघा कसा. २०१६ च्या शस्त्र नियमांत सोय आहे की परवानाधारकाची सत्तरी झाली, किंवा पंचवीस वर्षं शस्त्र त्याच्याकडे असलं, की तो हयातीतच आपल्या वारसाचं नाव सुचवू शकतो. म्हणजे मी आज सही केली, चौकशी नीट झाली, तर दुनळी नातवाच्या नावावर जाऊ शकते. एकविसाचा तो झालाच आहे. त्याला हे नियम मला सांगावे लागले नाहीत, त्यानंच मला सांगितले. ज्या पोराला सातबारा कुणाच्या नावावर आहे ते माहीत नाही, त्याला शस्त्र नियम पाठ.

माझा चुलतभाऊ छत्रपती संभाजीनगरला असतो. त्याचं म्हणणं, "एकदा सोडलास तर या जन्मात परत मिळणार नाही. ठेव की नुसता." खरं आहे ते. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीनं एका माणसाला तीनाऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात, मुदत मात्र तीनाऐवजी पाच वर्षांची झाली. म्हणजे आता पाच वर्षांनी मी असलो तर बघू. 'नुसता ठेवणं' तसं सोपं आहे. डॉक्टरचा शरीरानं आणि मनानं ठीक असल्याचा दाखला आणायचा (हिचं म्हणणं, दुसऱ्या दाखल्यासाठी आधी मला विचारायला हवं), फी भरायची, झालं. पण नुसता ठेवलेला परवाना कुणाचा तरी होतो. माझ्यानंतर तो कपाटात नुसता राहणार नाही.

बरं, सगळ्याच बंदुका वितळवून टाका, असंही मला म्हणायचं नाही. रानात एकटं घर असलेला, खरीच भीती असलेला शेतकरी असतो, त्याला द्यावी. कर्नाटकातल्या कोडगूमध्ये तर कोडव लोकांना परवान्यातूनच सूट आहे, २०२९ पर्यंत वाढवलेली. तिथं बंदूक सणावाराची, जन्माची सोबतीण. प्रत्येक गावाचा इतिहास वेगळा. आपल्याकडचा सध्याचा इतिहास काय, ते वर लिहिलंच.

ठासणीचा प्रश्न मात्र वेगळा, आणि इथं मी सरकारवर नाराज आहे. ती वस्तू आहे, शस्त्र नव्हे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या ४५ व्या कलमात सरळ म्हटलंय की जुन्या धाटणीचं, पुराणमूल्य असलेलं किंवा मोडकं हत्यार दुरुस्त करूनही चालणार नसेल, तर त्याला हा कायदा लागू नाही. २०२० च्या फेब्रुवारीत केंद्रानं आणखी स्पष्ट केलं की 'क्युरिओ' या वर्गातली लहान शस्त्रं नुसती बाळगायला परवाना नको. वापरायला, न्यायला-आणायला मात्र हवा. कागदावर छान. पण आमची ठासणी त्यात बसते हे लिहून कोण देणार? एका कार्यालयात मी हे कलम घेऊन गेलो. तिथले गृहस्थ भले होते. चहा दिला आणि म्हणाले, "गुरुजी, हे ठरवायच्या भानगडीत कोण पडणार? नूतनीकरणच करून टाका, ते सोपं आहे." म्हणजे खरं सांगायचं तर हेलपाटे, आणि 'संरक्षण' लिहायचं तर एका फेरीत काम.

दिनकर केळकरांनी, म्हणजे आपल्या कवी अज्ञातवासींनी, पुण्यात दिवे, अडकित्ते, जुनी शस्त्रं असं सगळं जमवलं आणि १९७५ साली सरकारला देऊन टाकलं. मराठीच्या मास्तरला त्यांची कविता शिकवायला मिळाली नाही, पण संग्रहालयात मुलांच्या सहली नेल्या. तसं काही तालुक्याला असतं तर मी ठासणी उद्या नेऊन दिली असती, खाली पाटी लावून, 'ही १९४८ साली उकिरड्यात होती'. मालखान्यात द्यायला मात्र जीव होत नाही. तिथं ती कुणाचीच आठवण राहणार नाही.

तर ठरलं ते असं. नूतनीकरण करायचं नाही, नातवाचं नावही सुचवायचं नाही. दुनळी परवानाधारक विक्रेत्याला द्यायची, आणि तीही मुदत आहे तोवरच, कारण मुदत संपल्यावर ती घरात असणंच गुन्हा. विक्रेत्यानं सांगितलेल्या पैशांत एक बैलही येणार नाही. आई असती तर काय म्हणाली असती ते मला ऐकू येतंय. ठासणीसाठी तपासणी करून लेखी द्या असा वेगळा अर्ज केलाय, पोच घेतली आहे. तो निकाल लागेपर्यंत ती कायद्यानं जिथं ठेवायची तिथं ठेवणार, मग वाटेल तेवढे हेलपाटे पडोत.

नातू आठ दिवस बोलला नाही. "आबा, तुम्ही घराण्याचं नाव विकलं," एवढंच म्हणाला. मी उत्तर दिलं नाही. दादांचं वाक्य त्याच्या तोंडून ऐकलं आणि मला पटकन काही सुचलं नाही, हे खरं.

काल एकादशीची गडावरची गर्दी ओसरल्यावर कपाट आवरायला घेतलं. दुनळीच्या पेटीच्या तळाशी निजामाच्या वेळचा ठासणीचा कागद निघाला. उर्दूत, खाली शिक्का, साल फसलीतलं. दादा उर्दू शिकले होते, मला एक अक्षर येत नाही. नातू दारातून बघत होता. म्हणाला, "काय लिहिलंय त्यात?" म्हटलं, बीडला एक निवृत्त उर्दू शिक्षक आहेत, माझे जुने स्नेही, त्यांना दाखवू. तो मोटारसायकल काढतो म्हणाला. रविवारी जाणार आहोत. कारणाच्या रकान्यात आजोबांनी काय लिहिलं होतं, ते मला बघायचंय.