पहिले अंदाजपत्रक म्हणजे केवळ विसार?

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या म्हटले जाते. कागदावर मांडलेला खर्च आणि प्रत्यक्षात होणारा खर्च यांतील अंतर या म्हणीने अचूक हेरले आहे. घरधन्याचा अंदाज चुकला, तर त्याची झळ त्यालाच सोसावी लागते आणि पुढच्या वेळी तो सावध होतो. शासन जेव्हा धरण, रेल्वे किंवा पूल बांधावयास घेते, तेव्हा मात्र अंदाज करणारा एक, मंजुरी देणारा दुसरा, उद्घाटन करणारा तिसरा आणि पैसे मोजणारा करदाता या तिघांहून निराळा, अशी स्थिती असते. अशा व्यवस्थेत झालेल्या चुकीपासून कोणी धडा घेतो काय, या प्रश्नाचा पाठपुरावा बेंट फ्लूब्येर या सामाजिक शास्त्रांच्या डॅनिश अभ्यासकाने कित्येक दशके चिकाटीने केला आहे. त्यांनी काढलेले निष्कर्ष प्रत्येक लोकशाही राष्ट्राने गांभीर्याने घ्यावेत असे आहेत.

फ्लूब्येर प्रथम डेन्मार्कमधील आलबोर्ग विद्यापीठात होते. 2009 मध्ये ते ऑक्सफर्ड विद्यापीठात गेले. 2002 मध्ये त्यांनी दोन सहकाऱ्यांसह 20 देशांतील 258 वाहतूक प्रकल्पांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या प्रकल्पांचा एकत्रित खर्च सुमारे 90 अब्ज डॉलर होता. दहापैकी नऊ प्रकल्पांत खर्चाचा अंदाज कमी धरलेला आढळला. महागाईचा परिणाम वगळूनही रेल्वे प्रकल्पांचा खर्च सरासरी 45 टक्के, पूल व बोगद्यांचा 34 टक्के आणि रस्त्यांचा 20 टक्के वाढलेला होता. पुढे 2005 मधील अभ्यासात नाण्याची दुसरी बाजूही समोर आली. नव्या रेल्वेमार्गांवर प्रत्यक्ष आलेले प्रवासी सरासरीने अंदाजाच्या निम्म्याच्या आसपासच होते. म्हणजे खर्च उणा दाखवायचा आणि लाभ फुगवून दाखवायचा, असा हा दुहेरी प्रकार होता.

या आकड्यांतून फ्लूब्येर यांनी केलेला युक्तिवाद साधा आणि म्हणूनच खोडून काढण्यास कठीण आहे. अंदाज प्रामाणिकपणे चुकत असते, तर काही वर गेले असते, काही खाली आले असते. शिवाय साधने आणि अनुभव वाढत गेल्याने चुकांचे प्रमाण काळाच्या ओघात घटले असते. अभ्यासातील सुमारे 70 वर्षांच्या कालखंडात तसे काहीच घडले नाही. चूक सतत एकाच दिशेने होत राहिली. ज्या तराजूचे पारडे दरवेळी दुकानदाराच्याच बाजूने झुकते, त्याला केवळ नादुरुस्त कसे म्हणावे?

या झुकत्या पारड्याची दोन कारणे फ्लूब्येर देतात. पहिले कारण मानवी स्वभावात आहे. मनुष्य स्वतःच्या योजनेविषयी अकारण आशावादी असतो, हे डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्येच मांडले होते. दुसरे कारण मात्र भोळेपणाचे नाही. निधी मर्यादित आणि मागणारे अनेक, अशा स्पर्धेत ज्याचा प्रकल्प कागदावर सर्वांत स्वस्त, त्यालाच मंजुरी मिळते. मग खरा आकडा सांगणारा मागे पडतो आणि सत्य दडपणारा पुढे जातो. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहराचे माजी महापौर विली ब्राउन यांनी 2013 मध्ये हे गुपित वृत्तपत्रीय स्तंभातून उघडपणे सांगून टाकले. पहिले अंदाजपत्रक म्हणजे केवळ विसार असतो, खरा खर्च आधीच कळला तर काहीच मंजूर होणार नाही, तेव्हा एकदा एवढा मोठा खड्डा खणावा की तो पैशाने भरण्यावाचून गत्यंतर राहू नये, असा त्यांच्या लिहिण्याचा आशय होता.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. खरा खर्च आधी सांगितला असता तर जगातील कित्येक भव्य वास्तू उभ्याच राहिल्या नसत्या, असे म्हटले जाते आणि त्यासाठी सिडनीच्या ऑपेरा हाऊसचे उदाहरण दिले जाते. या वास्तूचा आराखडा डॅनिश वास्तुरचनाकार यॉर्न उत्झोन यांचा. तो पूर्ण होण्याआधीच 1959 मध्ये राजकीय घाईने बांधकाम सुरू झाले. 70 लाख डॉलरचा अंदाज 1973 मध्ये उद्घाटन होईपर्यंत 10 कोटी 20 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरवर पोहोचला. परंतु याची खरी किंमत पैशापुरती नव्हती. वाढत्या खर्चाच्या वादात 1966 मध्ये उत्झोन यांना काम सोडावे लागले, आणि आपली पूर्ण झालेली कलाकृती त्यांनी पुढे कधीही प्रत्यक्ष पाहिली नाही. याउलट, स्पेनमधील बिल्बाओ येथील गुगेनहाइम संग्रहालय 1997 मध्ये नियोजित वेळेत व खर्चात पूर्ण झाले आणि तेही जगभर वाखाणले गेले. सौंदर्यासाठी हिशेबात खोटेपणा करावाच लागतो, हे म्हणणे त्यामुळे टिकत नाही.

धरणांचे चित्रही निराळे नाही. फ्लूब्येर व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये 245 मोठ्या धरणांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा प्रत्यक्ष खर्च अंदाजापेक्षा सरासरी 96 टक्के अधिक आढळला. हे वाचताना मराठी वाचकास विदर्भातील गोसीखुर्दची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही. 1983 मध्ये सुमारे 372 कोटी रुपयांना मंजूर झालेल्या या प्रकल्पाची सुधारित किंमत 2016 मध्ये 18 हजार कोटी रुपयांच्याही वर गेली. यातील मोठा वाटा महागाईचा आणि वाढलेल्या कामाचा आहे, हे मान्यच केले पाहिजे. परंतु महागाईला एवढा अवसर देणारा विलंब कोणाच्या खाती मांडायचा? सुमारे अडीच लाख हेक्टर जमीन भिजविण्याचे आश्वासन ज्यांना मिळाले, त्या शेतकऱ्यांची एक अख्खी पिढी कालव्याच्या पाण्याची वाट पाहत राहिली. ज्यांची गावे पाण्याखाली गेली, त्यांनी तर किंमत आधीच चुकती केली होती.

या संशोधनाचा आधार घेऊन कोणी मोठे प्रकल्पच नकोत असे म्हणू लागला, तर ती फ्लूब्येर यांच्या प्रतिपादनाची विटंबना ठरेल. राष्ट्राला धरणे हवीत, रेल्वे हवी, बंदरे आणि वीजही हवी. त्यांचा आग्रह एवढाच आहे की विचार सावकाश करावा आणि कृती जलद. आराखडा पक्का होईपर्यंत कुदळ मारू नये आणि एकदा मारल्यावर थांबू नये. आपल्याकडे दिल्ली मेट्रोचा पहिला टप्पा ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली मुदतीपूर्वी पूर्ण झाला, तो याच शिस्तीमुळे. भारतीय अभियंता कोठेही कमी नाही, हे तेथे सिद्ध झालेच आहे.

उपाय अवघड नाहीत. नव्या प्रकल्पाचा अंदाज त्याच्या पुरस्कर्त्यांच्या आशेवर न सोपविता, तशाच जुन्या प्रकल्पांना प्रत्यक्षात किती खर्च व वेळ लागला, यावरून पडताळून घ्यावा. ब्रिटनच्या अर्थखात्याने 2003 मध्येच अंदाजातील अवास्तव आशावादासाठी अशी दुरुस्ती करण्याचे मार्गदर्शन दिले आहे. ही पडताळणी स्वतंत्र तज्ज्ञांकडून व्हावी, तिचे निष्कर्ष मंजुरीपूर्वी जनतेसमोर यावेत आणि अंदाजपत्रकावर स्वाक्षरी करणाऱ्याचे नाव प्रकल्प पूर्ण होईपर्यंत त्याच्याशी जोडलेले राहावे.

अपुरा आकडा दाखवून मिळविलेली मंजुरी ही फसवून घेतलेली संमती असते. कोणते काम आधी करावे आणि कोणते नंतर, हे ठरविण्याचा जनतेचा अधिकार तिने हिरावला जातो. एका प्रकल्पाने अंदाजाबाहेर गिळलेला पैसा दुसऱ्या गावाच्या शाळेचा, रस्त्याचा किंवा दवाखान्याचा असतो. विधिमंडळात किंवा संसदेत पुढच्या वेळी एखादे सुधारित अंदाजपत्रक येईल, तेव्हा नवा आकडा किती, एवढ्यावर थांबू नये. पहिला आकडा कोणी व कशाच्या आधारे दिला होता, याचाही जाब सभागृहाने आणि जनतेने मागितला पाहिजे.